तांबडे विमान आणि घनाचे गणित

गेले काही आठवडे आमच्या घरातील धुण्याचा मोठा टब हा वादाचा विषय झाला होता. पहाटे पाणी यायचे, टब भरायचा आणि कपडे भिजण्याआधी त्यात एक तांबडे विमान सोडले जायचे. मुलांची आई म्हणायची, “अहो, आधी माझ्या चादरी बुडवू द्या, मग तुमचे विमान बुडवा.” तिचे म्हणणे चूक नव्हते. विमान खरोखरच बुडत होते.

त्याचे असे झाले. आमच्या धाकटीने तिच्या मावसभावाच्या मोबाईलवर एक जपानी कार्टूनपट पाहिला. नाव ‘पोर्को रोस्सो’. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘तांबडे डुक्कर’. मियाझाकी हायाओ या दिग्दर्शकाचा, स्टुडिओ घिबली या संस्थेने काढलेला हा चित्रपट जपानमध्ये जुलै १९९२ मध्ये लागला आणि त्या वर्षी तिकडे सर्वात जास्त चालला. आपल्याकडील लोकांना तो दिसू लागला २०२० साली, नेटफ्लिक्सवर आल्यानंतर. धाकटीने आम्हालाही बसवून दाखवला. कार्टून म्हणजे लहान मुलांचे, ही आमची समजूत त्या दीड तासात गेली.

गोष्ट थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, इटलीच्या पूर्वेचा एड्रियाटिक समुद्र. मार्को नावाचा युद्धात लढलेला वैमानिक, ज्याचे तोंड कसल्याशा शापाने डुकराचे झाले आहे. समुद्रावर विमानातून दरोडे घालणाऱ्या टोळ्यांना तो पकडतो आणि त्यावर पोट भरतो. देशात फॅसिस्ट राजवट आलेली आहे आणि जुने मित्र त्याला पुन्हा हवाई दलात यायला सांगतात. तो जात नाही. त्याचे विमान तांबडे भडक, आणि ते जमिनीवर उतरत नाही, पाण्यावर उतरते. एक अमेरिकन वैमानिक त्याचे विमान गोळ्या घालून पाडतो, आणि मोडलेले विमान घेऊन मार्को मिलान शहरातील पिकोलो नावाच्या ओळखीच्या कारागिराकडे जातो.

इथून पुढचा भाग आम्हाला फार आवडला. मिलानच्या त्या कारखान्यात पुरुष माणूस शिल्लक नाही. मंदीमुळे सगळे कामाच्या शोधात बाहेरगावी गेलेले. विमानाचा नवा आराखडा काढणार कोण, तर पिकोलोची सतरा वर्षांची नात फिओ. मार्को तिला बघतो आणि काम दुसरीकडे न्यायला निघतो. मुलगी आहे, वर लहान आहे, हे काय विमान करणार? ती त्याला थांबवते. मग घरातल्या साऱ्या बायका कामाला येतात, लेकी, सुना, पार म्हाताऱ्या आज्यासुद्धा. कोणी लाकूड रंधते, कोणी कागदावर रेषा मारते, कोणी सगळ्यांसाठी जेवण करते. पिकोलो पैसे मोजून घेण्यात पक्का आहे, आणि बायकांना कामाचे दाम मिळते. हिशेबाच्या टेबलावर आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्याला हे बारीक लक्षात येते.

धाकटी म्हणाली, “पप्पा, आपण हे विमान करू या.”

आम्ही हो म्हटले. त्यामागे एक कारण होते. त्याच आठवड्यात घरात तिच्या प्रवेशावरून बोलणे झाले होते. दहावी झाली आहे, तिला पॉलिटेक्निकला मेकॅनिकलची पदविका घ्यायची आहे. आम्ही म्हटले होते, कॉमर्स घे, आम्हीही बीकॉम आहोत, पंख्याखाली बसून नोकरी करता येते, मशीनवर काळे हात करून मुलीच्या जातीने काय करायचे? ती काही बोलली नव्हती. तेव्हा विमानाला हो म्हणणे म्हणजे एक प्रकारची समजूत काढणे होते. खेळण्यात मन रमेल आणि विषय मागे पडेल, असा आमचा साधा हिशेब.

तर कामाला सुरुवात केली. या विमानाचे तयार संच मिळतात. जपानच्या फाइनमोल्ड्स कंपनीने ते एकास बहात्तर आणि एकास अठ्ठेचाळीस या दोन प्रमाणांत काढले आहेत. प्लास्टिकचे भाग चौकटीतून कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. पण परदेशाहून संच मागवणे आम्हाला झेपणारे नव्हते. म्हणून घरात आणि आसपास जे मिळेल त्यातून करायचे ठरले.

पहिली अडचण मापाची. चित्रपटात या विमानाला सावोइया एस-२१ म्हटले आहे. या नावाचे एक खरे विमान इटलीत होऊन गेले, पण ते दुपंखी होते, दिसायला अगदी वेगळे. चित्रातले विमान ज्याच्यावर बेतले आहे ते म्हणजे माक्की एम-३३. एकच पंख, तोही नावेसारख्या पोटाच्या खांद्यातून निघालेला, आणि इंजिन पोटात नसून वर, टेकूंवर उभे केलेले. हे विमान १९२५ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे श्नायडर चषकाच्या शर्यतीत उतरले होते. श्नायडर चषक ही पाण्यावरून उडणाऱ्या विमानांची शर्यत. १९१३ साली मोनाको येथे सुरू झाली आणि १९३१ साली ब्रिटनने सलग तिसऱ्यांदा जिंकून चषक कायमचा नेला तेव्हा संपली. १९२५ ला पहिला आला अमेरिकेचा जिमी डूलिटल, कर्टिस आर-३-सी-२ या विमानातून, ताशी सुमारे ३७४ किलोमीटर वेगाने. माक्की तिसरी आली, सुमारे २७१ किलोमीटरने. गंमत अशी की माक्कीच्या डोक्यावरचे इंजिनसुद्धा अमेरिकेच्या कर्टिस कंपनीचेच होते. चित्रपटातल्या अमेरिकन वैमानिकाचे आडनाव कर्टिस आहे आणि तो उडवतो ते विमान डूलिटलच्या विमानाच्या घराण्यातले. म्हणजे जो खरोखर जिंकला तो गोष्टीत प्रतिस्पर्धी, आणि जो तिसरा आला त्याच्यावरून नायकाचे विमान. मियाझाकींनी असे का केले ते ठाऊक असण्याची गरज नाही, आम्हाला ते मनापासून पटले.

माक्कीच्या पंखाची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १० मीटर. आम्ही प्रमाण धरले एकास चोवीस. हे प्रमाण कारकुनाला सोपे, एका फुटाला अर्धा इंच. साडेपाच फुटांचा वैमानिक पावणेतीन इंचांचा होतो. पंख ४१ ते ४२ सेंटिमीटर आले. बाकीची मापे मिळवायला मोबाईलवर चित्रपट जागोजागी थांबवून चित्रे काढून घेतली, झेरॉक्सच्या दुकानात छापली आणि पट्टीने मोजली. पंखाच्या मानाने पोट किती, पोटाच्या मानाने शेपूट किती, असे त्रैराशिक मांडत गेलो. चित्रातले विमान प्रत्येक प्रसंगात थोडे कमीजास्त होते, चित्रकाराचा हात तो. धाकटीने वहीत सात चित्रांची मापे लिहून सरासरी काढली. अक्षर आमच्यापेक्षा चांगले.

पोटासाठी पेटीची देवदार फळी आणली. रंध्याने आणि पटाशीने नावेचा आकार दिला. पंखासाठी ऑफिसात रद्दीत निघालेल्या फायलींचे जाड पुठ्ठे, आत बांबूच्या कामट्या. इंजिनचे घर वापरून संपलेल्या जाड मार्कर पेनचे. ते ज्या टेकूंवर उभे राहते ते उदबत्तीच्या काड्यांचे. पंखा आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यातून कापला आणि गरम पाण्यात भिजवून पीळ दिला. पंखाखाली दोन्ही बाजूंना छोट्या होडीसारखे दोन तरंगे असतात, ते आम्ही एमसीलचे मळून केले. एमसील हातात छान वळते म्हणून. ही चूक पुढे कळली.

पोटाच्या खालच्या बाजूला मधोमध एक पायरी असते. नाव जशी गुळगुळीत असते तसे हे पोट नसते, अर्ध्यावर एकदम खाच येते आणि मागचा भाग वर उचललेला. आम्हाला वाटले ही शोभा असावी, म्हणून रंधताना ती काढूनच टाकणार होतो. धाकटी म्हणाली, थांबा. तिने स्वयंपाकघरातून चमचा आणला, नळाची बारीक धार सोडली आणि चमच्याची फुगीर पाठ हलकेच धारेला लावली. चमचा बाजूला ढकलला जाईल असे वाटले होते, पण तो धारेत ओढला गेला. गोल पाठीला पाणी चिकटते आणि तिला आपल्याकडे खेचते. विमान पाण्यावरून जोरात धावू लागले की त्याच्या पोटालाही पाणी असेच धरून ठेवते, आणि ते सोडत नाही तोवर विमान उठत नाही. पायरी आली की पाण्याची पकड तिथे तुटते, खाचेत हवा शिरते आणि मागचा भाग सुटा होतो. वाचकांनी घरी चमचा लावून पाहावा, दोन मिनिटांचे काम आहे. पायरी ठेवली.

रंग द्यायच्या आधी एका पहाटे टबात सोडून पाहिले. नाव पंखांपर्यंत पाण्यात बसली. मग हळूच डावीकडे कलली, डावा तरंगा पाण्याला टेकला आणि दगडासारखा खाली गेला. एमसील पाण्यापेक्षा जड असते हे साधे भान आम्हाला नव्हते. ज्याने तोल सावरायचा तोच बुडवू लागला. पाठोपाठ इंजिनच्या वजनाने विमान उलटे झाले. मुलांची आई दारात उभी राहून बघत होती. ती हसली नाही, हे जास्त लागले.

वाण्याच्या काट्यावर नेऊन वजन केले. ३४० ग्रॅम.

“पप्पा, असायला किती हवे होते?” धाकटीने विचारले.

आम्ही म्हटले, सोपे आहे. खरे विमान १४०० किलोचे धरू. आपले प्रमाण एकास चोवीस. १४०० भागिले २४, अठ्ठावन्न किलो. बोलता बोलताच चूक कळली, पण तोवर ती हसत सुटली होती. मग म्हटले, बरे, दोनदा भागू. अडीच किलोच्या जवळपास आले. तेही पटेना. तिने लुडोच्या डब्यांतून आठ फासे गोळा करून आणले. एक फासा समोर ठेवला. म्हणाली, याच्या दुप्पट फासा करायचा तर किती फासे लागतील? आम्ही म्हटले दोन. तिने दोन ठेवले, तो लांबट झाला. शेजारी आणखी दोन ठेवले, तो चपटा झाला. वर चार ठेवले तेव्हा फासा झाला. आठ. लांबीने दुप्पट, वजनाने आठपट. लांबी, रुंदी, उंची, म्हणून भागायचे तीन वेळा. चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस म्हणजे १३,८२४. खरे १४०० किलो असेल तर आपले यायला हवे सुमारे १०० ग्रॅम. आमचे विमान तिप्पटीहून जड होते.

आम्ही वीस वर्षे खतावणी लिहिली. टक्के, व्याज, घसारा तोंडी करतो. आणि हा घनाचा हिशेब दहावी झालेल्या पोरीने लुडोच्या फाशांवर आम्हाला शिकवला. त्या दिवशी ऑफिसात बेरजा दोनदा तपासल्या.

पुढचे सगळे तिच्या सांगण्याप्रमाणे झाले. लाकडी पोट बाजूला ठेवले, पण टाकले नाही, तोच साचा धरून थर्माकोलचे पोट कोरले. त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेव्हिकॉल आणि पाण्यात भिजवून तीन थर दिले. थर्माकोलला तेलरंगाचे थिनर लागले की ते विरघळते, म्हणून कागदात सुईएवढेही भोक राहता कामा नये. आमच्याकडून शेपटीखाली एक राहिले होते. रंग दिल्यावर तिथे आतून खळगा पडला. तो लांबी भरून बुजवला, आजही बोट फिरवले की कळतो. तरंगेही थर्माकोलचे केले. इंजिन वर असल्याने वजन वरच्या बाजूला राहते, ते खाली आणण्यासाठी पोटाच्या तळाशी दोन नाणी चिकटवली. सगळे धरून वजन झाले १३५ ग्रॅम.

रंगाबद्दल थोडे सांगतो, कारण ज्याला करायचे आहे त्याचा वेळ इथेच वाया जातो. तांबडा रंग झाकत नाही. खालच्या लांबीचा राखाडी रंग त्यातून दिसतो आणि विमान विटकरी होते. आधी पांढरा हात द्यावा, तो वाळल्यावर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, मग तांबड्याचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. शेपटीवर इटलीच्या झेंड्याचे हिरवे, पांढरे, तांबडे पट्टे आहेत. त्यासाठी रंगाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावावी, पण आधी ती दोनतीनदा पँटवर चिकटवून काढावी म्हणजे तिचा जोर कमी होतो आणि खालचा रंग उपटत नाही. समोरची काच शर्टाच्या खोक्याच्या पारदर्शक प्लास्टिकची. ती झटपट चिकटणाऱ्या डिंकाने लावली आणि सकाळी बघतो तर काचेवर पांढरे धुके. त्या डिंकाची वाफ बसते. दुसरी काच फेव्हिकॉलने लावली. ते वाळले की पारदर्शक होते.

वैमानिक शाडूचा. डुकराचे तोंड, गॉगल, गळ्यात पांढरा रुमाल. चित्रपटात फिओ आपण केलेल्या विमानाबरोबर स्वतः जाते, दोन मशीनगनपैकी एक काढून तिच्यासाठी जागा करतात. धाकटीने पुढच्या बाजूला तेवढी जागा कोरून एक छोटी मुलगी बसवली. आम्ही म्हटले, मापात जरा मोठी झाली आहे. ती म्हणाली, असू दे.

एक गोष्ट मध्येच सांगायची राहिली. या चित्रपटाची मूळ चित्रकथा मियाझाकींनी १९९० साली ‘मॉडेल ग्राफिक्स’ नावाच्या मासिकात काढली होती, आणि हे मासिक छोट्या प्रतिकृती करणाऱ्या लोकांचे आहे. चित्रपटही आधी जपान एअरलाइन्सच्या प्रवाशांना विमानात दाखवण्यापुरता छोटा होणार होता, तो वाढत गेला. मियाझाकींचा जन्म १९४१ चा. त्यांच्या घरचा कारखाना दुसऱ्या महायुद्धात जपानच्या झीरो लढाऊ विमानांच्या शेपटीचे सुकाणू बनवीत असे. त्यांच्या स्टुडिओचे घिबली हे नावसुद्धा एका इटालियन विमानावरून घेतलेले आहे. सहारा वाळवंटातून येणाऱ्या गरम वाऱ्याला तिकडे घिबली म्हणतात. विमानावर एवढे प्रेम, आणि ज्याने ती विमाने युद्धासाठी वापरली त्या सत्तेबद्दल तितकीच चीड, हे दोन्ही या एका चित्रपटात दिसते. मार्कोच्या शापाचे कारण चित्रपटात कोणी नीट सांगत नाही. पण ज्या प्रसंगात मेलेले वैमानिक रांगेने आकाशात वर वर जाताना दिसतात, तो पाहताना मुलांची आई भाजी चिरायची थांबली होती.

गेल्या रविवारी पुन्हा टब भरला. या वेळी शेजारची दोनचार मुले आणि त्यांची आजीही आली होती. विमान सोडले. नाक किंचित वर, पायरी पाण्याच्या रेषेला, दोन्ही तरंगे पाण्याला जेमतेम टेकलेले. धाकटीने बोटाने एका बाजूचा पंख दाबला आणि सोडला, तो आपोआप वर आला. आजीने विचारले, उडणार का? उडणार नाही, आजी, म्हटले, फक्त पाण्यावर बसते. त्या म्हणाल्या, मग बदकच की.

चित्रपटातला मार्को फिओला बघून काय बोलतो त्यावर आम्ही घरात मोठ्याने हसलो होतो. ते आमचेच बोलणे आहे हे त्या वेळी ध्यानात आले नाही. टबाशी उकिडवे बसलो असताना आले. धाकटीला काही बोललो नाही. पॉलिटेक्निकच्या फॉर्मला काय काय लागते ते सोमवारी ऑफिसातून येताना विचारून आलो. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला. शेवटचा अजून काढायचा आहे. ज्या पालकांच्या मुलांना यंदा फॉर्म भरायचा आहे त्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आत्ताच जावे, शेवटच्या आठवड्यात खिडकीवर रांग लागते. आम्ही परवा अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.

विमान कपाटावर ठेवले आहे. डाव्या तरंग्याचा रंग टबाच्या कडेला घासून निघाला, त्यावर एक हात मारायचा आहे. आणि धाकटी म्हणते की कर्टिसचे निळे विमानही करायचे. त्याला पोटाची नाव नाही, पायाला दोन लांब तरंगे आहेत. मोठ्या टबाची व्यवस्था कुठे होते ते बघतो आहोत.